प्रयोग क्रमांक १ : तापलेल्या खोलीत योगासने

प्रयोगाआधी वाचा

मी नागपूरच्या एका माध्यमिक शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. त्यामुळे कोणतीही गोष्ट समजावून सांगायची म्हटली की ती माझ्या तोंडून उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान अशीच बाहेर पडते. जावयाला वरणाची फोडणीही मी याच क्रमाने शिकवली. ‘दक्षता’ या सदरात मोहरी उडते हे सांगायचं राहिलं, एवढीच चूक झाली. तेव्हा हॉट योगाच्या पहिल्या तासाला जाऊ पाहणाऱ्यांनी पुढचा प्रयोग नीट वाचावा आणि मगच चटई उचलावी.

दोन नियम आधीच सांगते. पहिला, शेजाऱ्याच्या वहीतून उतरवायचं नाही. दुसरा, रीडिंग जे येईल तेच लिहायचं. आमच्या शाळेत एका मुलाने बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर दहा सेंटीमीटर काढलं, तेही पाचही वेळा, एका मिलिमीटरचा फरक नाही. त्याच्या टेबलापाशी जाऊन पाहते तर मेणबत्तीची वात पांढरीशुभ्र. पठ्ठ्याने काडीच ओढली नव्हती. उत्तर पुस्तकात आहे, मग उगाच मेणबत्ती कशाला जाळा, असा त्याचा हिशोब. मी त्याला तासभर वर्गाबाहेर उभं केलं. हा मुलगा पुढे पुन्हा भेटणार आहे.

उद्देश

माणूस पैसे मोजून उकाड्यात का जातो, हे तपासणे.

गेल्या जानेवारीत मी न्यू जर्सीत मुलीकडे होते. बाहेर उणे सात, आत मी हीटरच्या जाळीला पाठ लावून.

‘दिवसभर तिथंच बसून राहिली तू,’ मुलगी म्हणाली. ‘उद्या माझ्यासोबत चल. हॉट योगा. खोली एकशे पाच डिग्रीला ठेवतात.’

‘एकशे पाच झालं की आम्ही माणसाला मेडिकलला नेतो.’

‘आई, ते खोलीचं. फॅरनहाइटमध्ये.’

‘ताप पण फॅरनहाइटमध्येच मोजतात.’

‘तू नागपूरची आहेस. तुला काय होतंय!’

नागपूरच्या माणसाला थंडीवरून चिडवा, तो हसेल. संत्र्यावरून चिडवा, सोलून देईल. पण उन्हावरून डिवचू नये. मी हीटर सोडून उठले.

पूर्वज्ञान

१०५ मधून ३२ वजा करा, ५ ने गुणा, ९ ने भागा. साडेचाळीस अंश सेल्सिअस. हवेत ४० टक्के आर्द्रता, वेळ ९० मिनिटं, २६ आसनं आणि दोन श्वसनप्रकार, हे या पद्धतीचं मूळ सूत्र. परमहंस योगानंदांचे धाकटे भाऊ विष्णुचरण घोष कोलकात्यात व्यायाम आणि योग शिकवत. त्यांचे शिष्य बिक्रम चौधरी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत आले आणि कोलकात्याचा उकाडा बंद खोलीत भरून विकू लागले. हा आसनांचा क्रम माझा, दुसऱ्याने शिकवायचा नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. २०१५ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने ते फेटाळलं. आरोग्यासाठी आखलेल्या पद्धतीवर कॉपीराइट बसत नाही, असा निकाल दिला. पुढच्याच वर्षी लैंगिक छळ आणि अन्यायाने नोकरीवरून काढल्याच्या खटल्यात लॉस एंजेलिसच्या ज्यूरीने त्यांना लक्षावधी डॉलरची भरपाई द्यायला लावली आणि २०१७ मध्ये त्यांच्यावर अटकेचं वॉरंट निघालं. बऱ्याच स्टुडिओंनी पाटीवरून त्यांचं नाव उतरवलं. आता पाटीवर नुसतं ‘हॉट योगा’ असतं. उकाडा कोणाच्या बापाचा नाही, हे आम्हाला नागपुरात आधीपासून माहीत होतं.

जुन्या ग्रंथांना विचाराल तर घेरंडसंहिता सांगते, योगाला आरंभ वसंतात किंवा शरदात करावा. ग्रीष्मात केला तर रोग पदरात पडतो. हठप्रदीपिका नवख्या साधकाला विस्तवापासून लांब राहायला सांगते, पण तीच पुढे असंही म्हणते की श्रमाने आलेला घाम अंगालाच चोळावा, त्याने शरीर घट्ट आणि हलकं होतं. म्हणजे प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना गुण आहेत.

आता फळ्याकडे बघा. कातडीचं तापमान साधारण ३४ अंश असतं. हवा त्याहून गार असेल तर अंगातली उष्णता आपोआप बाहेर जाते. हवा चाळिशीला पोचली की व्यवहार उलटा होतो, हवाच अंग तापवू लागते. मग शरीरापाशी एकच उपाय उरतो, तो म्हणजे घाम. पण घाम नुसता येऊन भागत नाही, तो उडावा लागतो. एक ग्रॅम घामाची वाफ होताना ती सुमारे ५८० कॅलरी उष्णता अंगातून घेऊन जाते. तोच ग्रॅम नाकाच्या शेंड्यावरून टपकन चटईवर पडला, तर काहीही नेत नाही. खाली साचलेलं तळं बघून छाती फुगवू नये. तो वाया गेलेला माल आहे.

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, नवतपा लागला की सीताबर्डीचा रस्ता दुपारी दोनला ओस पडतो. पण हवा कोरडी ठणठणीत. घाम दिसायच्या आत उडतो. म्हणून वाळ्याच्या ताट्या कामाला येतात, म्हणून आमचा कूलर चालतो. हाच कूलर मुंबईत लावला तर खोलीत ओलं वारं फिरतं, बाकी काही होत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत दोन तापमापी शेजारी शेजारी टांगलेले असतात, त्यातल्या एकाच्या फुग्याला ओली वात गुंडाळलेली. त्या ओल्या फुग्याचा आकडा सांगतो की घाम कितपत उडेल. ४५ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर तो २४ च्या आसपास थांबतो. साडेचाळीस अंश आणि ४० टक्के आर्द्रतेला तो २९ पर्यंत चढतो. कोरडा आकडा ऐकून मी मनात हसले होते. चाळीस म्हणजे आमच्याकडे सकाळी भाजी आणायची वेळ. ओल्या फुग्याचं गणित मी केलं ते घरी परत आल्यावर, पलंगावर पडून. ते जायच्या आधी करायचं असतं.

साहित्य

१. चटई. स्वतःची नेलेली बरी. भाड्याने मिळते, पण तिच्यावर आधी कोणाकोणाचं बाष्पीभवन झालं आहे हे कळायला मार्ग नसतो.

२. चटईवर अंथरायला मोठा टॉवेल. नसला तर विसाव्या मिनिटाला पाय असा सरकतो की नको ते आसन साधतं.

३. पाणी एक लिटर. पण सगळं काम याच बाटलीवर सोडू नका. आदल्या रात्रीपासून थोडं थोडं पाणी पोटात जाऊ द्या. दारात उभं राहून गटागटा प्यायलेलं पाणी पुढे वाकताना वर येतं.

४. पोट, रिकामं. जेवण होऊन तीन तास झालेले असावेत. मी दोन तासांपूर्वी साबुदाण्याची खिचडी खाऊन गेले होते, चतुर्थी होती. साबुदाणा शेवटपर्यंत सोबत होता.

५. कपडे, जितके कमी तितके बरे. मी सलवार-कुर्ता घालून गेले. सुती कुर्ता घाम पितो, पण सोडत नाही. अर्ध्या तासात त्याचं वजन शाळेच्या घंटेएवढं झालं. तिथले पुरुष नुसत्या चड्डीवर असतात. सुरुवातीला कुठं बघावं कळत नाही. दहा मिनिटांनी तो प्रश्न उरत नाही, कारण डोळ्यांत घाम गेलेला असतो.

६. डॉक्टरांची परवानगी. ही गमतीची ओळ नाही. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, हृदयाचा त्रास असेल, दिवस गेलेले असतील, पूर्वी कधी ऊन लागलं असेल किंवा नुकताच ताप येऊन गेला असेल, तर हा प्रयोग तुमच्या अभ्यासक्रमात नाही. मी आमच्या नागपूरच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, ‘करा, पण हिरोगिरी नको.’ पहिला अर्धा भाग मी वहीत लिहून घेतला.

कृती

१. पंधरा मिनिटं आधी पोचा. माझं काही बरंवाईट झालं तर जबाबदारी माझी, अशा अर्थाच्या कागदावर सही करा. बूट आणि फोन बाहेर ठेवा. घड्याळही काढायला सांगतात. मी काढलं नाही. शिक्षिकेच्या मनगटावरचं घड्याळ निवृत्तीनंतरही निघत नाही.

२. दार उघडा. कुकरचं झाकण घाईने काढल्यावर तोंडावर येतो तसा भपकारा येईल. त्यात ओल्या गोधडीचा वास असेल आणि त्याला झाकण्यासाठी शिंपडलेल्या निलगिरीचा. मागे वळू नका, मागे उभे असलेले लोक आत येत असतात.

३. जागा निवडा. छतातून गरम हवेचा झोत जिथं पडतो त्याच्या खाली नको. पहिली रांग जुन्या खोडांची. नवख्याने मागे, शक्यतो दाराजवळ. आमच्या वर्गात मागचा बाक आणि दाराजवळची जागा घेणाऱ्यांबद्दल माझं मत चांगलं नव्हतं. ते मी इथं जाहीरपणे मागे घेते.

४. शिकवणाऱ्या बाईंकडून प्रात्यक्षिकाची अपेक्षा ठेवू नका. गालाला चिकटवलेला माइक लावून, चौथऱ्यावर उभी राहून ती अखंड बोलते. आसन करून दाखवत नाही. मजकूर तोंडपाठ असतो आणि त्याला तिथं ‘डायलॉग’ म्हणतात. नवख्याने तो कानांनी ऐकायचा आणि डोळ्यांनी पुढच्या रांगेतलं बघून करायचं. पहिला नियम इथं मोडतो असं वाटेल. तसं नाही. आकृती उतरवायला हरकत नाही, रीडिंग उतरवायचं नाही.

५. उभ्याने श्वसन. बोटं गुंफून हनुवटीखाली, कोपरं वर, मान मागे. हे जमतं. याच टप्प्यावर आपल्याला सगळं जमणार, असा समज होतो.

६. अर्धचंद्रासन. हात डोक्यावर, तळवे जुळवलेले, कमरेतून बाजूला वाकायचं. समोर भिंतभर आरसा. आरशात बावीस चंद्रकोरी आणि एक मी. माझे तळवे नीट जुळेनात, उजवं मनगट सरळ होत नव्हतं. त्याचं कारण तोंडी परीक्षेत येईल. शेजारच्या चटईवरून मुलगी आरशातून एकटक माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, आईचं कौतुक करून राहिली.

७. उत्कटासन, मग गरुडासन. प्रत्येक आसन दोनदा. गरुडासनात एक हात दुसऱ्याला वेढा घालतो, एक पाय दुसऱ्याला. मी करकचून बांधलेल्या वळकटीसारखी उभी होते. त्यानंतर पाणी प्यायची पहिली अधिकृत सुट्टी मिळते. तिला तिथं ‘पार्टी टाइम’ म्हणतात. पार्टी पंधरा सेकंद चालते. दोन घोट घ्या. बाटली संपवू नका.

८. एका पायावरची आसनं. ‘गुडघा लॉक करा’ हे वाक्य आता इतक्या वेळा ऐकू येईल की घराचं कुलूप लावलं होतं का, अशी शंका येईल. ताठ करायचा तो मांडीचा स्नायू. गुडघा मागे ढकलून देऊ नका. आणखी एक सापळा आहे. उष्णतेने स्नायू सैल पडतात आणि रोज हात जिथं पोचत नाही तिथं आज पोचतो. हा तुमचा लवचिकपणा नाही, खोलीचा आहे. तो सोबत घरी येत नाही, ताणलेली शीर मात्र येते.

९. याच वेळी बाई माइकवरून मागच्या रांगेला विचारतील, ‘कसं वाटतंय?’ माझ्या डोळ्यांपुढे तेव्हा काळे ठिपके नाचत होते, कानात भुंगा शिरला होता, आणि त्या उकाड्यात दंडावर काटा आला होता. मी अंगठा वर केला. वर हसले.

मेणबत्तीची वात पांढरीशुभ्र होती. तो मुलगा मला तिथं समोर आरशात दिसला. पातळ केसांचा, ओल्या कुर्त्यातला, अठ्ठावन्न वर्षांचा.

१०. खाली बसा. हीच या प्रयोगाची मुख्य कृती आहे. धप्पकन पडू नका, गुडघे दुमडून बसा. खोलीबाहेर धावत सुटू नका; एकदम उठून धावलं, तर चक्कर दारातच गाठते. नाकाने सावकाश श्वास घ्या. तोंड उघडून धापा टाकल्या की जीव आणखी घाबरतो. माझं हे आसन साडेसात मिनिटं चाललं. रामनगरच्या जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळात मी पूर्वी पहाटे जात असे. तिथं जमेल तेवढंच करायचं, अशी शिकवण होती. ती मी इतक्या लांब येऊन, डॉलर भरून, उजळणी म्हणून पुन्हा घेतली.

११. मधलं शवासन, दोन मिनिटं. त्याचा उच्चार ते ‘सवासना’ करतात. दुरुस्त करायला तोंड उघडू नका, शक्ती वाचवा.

१२. जमिनीवरची आसनं. पवनमुक्तासनाचं इंग्रजी भाषांतर माइकवरून मोठ्याने सांगितलं जातं, आणि खोलीतल्या बावीस गोऱ्या-काळ्या-सावळ्या चेहऱ्यांवर काहीही हलत नाही. आठवी ‘ब’ मध्ये हे सांगितलं असतं तर तास संपला असता. पुढे भुजंगासन, शलभासन, धनुरासन. उष्ट्रासनाला मान मागे टाकून उठताना चांगल्याचुंगल्यांना गरगरतं. मी अर्धंच केलं. साबुदाण्याचाही आग्रह नव्हता.

१३. शेवटी वज्रासनात कपालभाती, आणि शवासन. दिवे मंद करतात. कोणीतरी कपाळावर बर्फात बुडवलेला रुमाल ठेवून जातं. त्या क्षणी त्या व्यक्तीच्या नावावर घर करून द्यावंसं वाटतं. कागदपत्रं सोबत नेऊ नका.

निरीक्षणे

(नाडी मानेवर बोटं ठेवून, मनगटी घड्याळावर मोजली.)

मिनिट ० : नाडी ७८. मनःस्थिती : नागपूरची.

मिनिट १० : नाडी १०४. कुर्ता ओला. आपण बऱ्यापैकी करतो आहोत, असा भास.

मिनिट २६ : नाडी १४२. काळे ठिपके. अंगठा वर (हे रीडिंग खोटं आहे, खोडून बाजूला सही केली आहे).

मिनिट ३४, बसलेल्या स्थितीत : नाडी ११०. शेजारच्या काकूंच्या हनुवटीवरून दर दोन सेकंदांना एक थेंब, घड्याळाच्या काट्याइतका नेमका.

मिनिट ९० : नाडी ९२. जीव हलका.

वजन, आधी : ६१.४ किलो. नंतर : ६०.७ किलो, मध्ये अर्धा लिटर पाणी पिऊनही. म्हणजे एक किलोच्या वर ऐवज बाहेर पडला.

दक्षता

वजन उतरलं असं घरी सांगू नका. ते पाणी होतं, संध्याकाळपर्यंत परत येतं आणि यायलाच हवं. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात या ९० मिनिटांच्या तासाची मोजणी झाली, तेव्हा बायकांच्या सरासरी ३३० आणि पुरुषांच्या ४६० कॅलरी खर्च झाल्या. या खाण्याच्या कॅलरी, वर घामाच्या हिशोबात आलेल्यांपेक्षा हजार पट मोठ्या. गोंधळ केल्यास अर्धा गुण कापला जाईल. तरी एका तूप सोडलेल्या पुरणपोळीपलीकडे हा हिशोब फारसा जात नाही.

घामातून शरीरातलं विष निघून जातं, असं शेजारच्या काकू म्हणाल्या. घामात पाणी आणि मीठ असतं. विषाचं खातं यकृत आणि मूत्रपिंड सांभाळतात, त्यांना गरम खोली लागत नाही. उलट पाणी कमी पडलं तर मूत्रपिंडाचीच पंचाईत होते.

नंतर नुसतं पाणी पिपे भरून पिऊ नका, मीठही गेलेलं असतं. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. त्यात लिंबू पिळलं तरी चालतं. आम्ही उन्हाळ्यात कैरीचं पन्हं करतो, तो याच सूत्राचा चवदार भाऊ.

डोकं ठणकू लागलं, मळमळलं, अंगावर शहारा आला, की थांबा. बोलणं अडखळायला लागलं किंवा आपण कुठं आहोत तेच कळेना झालं, तर तो योग राहिला नाही, ऊन लागलं आहे. अशा माणसाला गार जागी न्या, अंग ओलं करून वारा घाला आणि तातडीने डॉक्टरला बोलवा. चटईवर बसून बघत राहू नका.

अनुमान

उकाडा सोसणं ही नागपूरच्या माणसाची कला आहे, असं मी समजत होते. तसं नाही. आम्ही उकाडा सोसत नाही, चुकवतो. बारा वाजले की दुकानाचं शटर अर्धं खाली, डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा, रस्त्याने जायचं तर सावलीच्या बाजूने. अंगाचं रीडिंग ऐकून वागण्याची ती पिढ्यांची सवय. त्या खोलीत मी ती दाराबाहेर बुटांशेजारी ठेवून आत गेले, कारण कोणीतरी म्हटलं होतं, तुला काय होतंय.

उद्देशात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तरही द्यायला हवं. माणूस पैसे मोजून उकाड्यात जातो, कारण नंतर खरंच बरं वाटतं. नव्वद मिनिटं कोणाचा फोन नाही, दुसरा विचार नाही. पुढचा श्वास एवढंच काम. मी बाहेर आले तेव्हा वाहनतळावर बर्फ भुरभुरत होता, आणि माझ्या डोक्यातून वाफ निघत होती. उडी मारून ओरडावंसं वाटलं. गुडघ्याचं रीडिंग बघून मारली नाही.

तोंडी परीक्षा

(गाडीत, काचा आतून धुरकटलेल्या. परीक्षक : मुलगी.)

‘मनगट कधी मोडलं?’

‘कोणतं?’

‘आई.’

‘मागच्या पावसाळ्यात. अंगणात शेवाळ झालं होतं. सहा आठवडे प्लास्टर.’

‘दर रविवारी आपण व्हिडिओ कॉलवर बोलत होतो.’

‘उजवा हात मी कॅमेऱ्याच्या बाहेर ठेवत होते.’

तिने वायपर लावले, मग बंद केले. धुकं बाहेरच्या बाजूला नव्हतंच.

‘मी विचारायची, कशी आहेस. तू म्हणायचीस, मस्त.’

‘तू पण मस्तच म्हणायचीस,’ मी म्हटलं.

ती काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ‘पहिल्या क्लासला मी अर्ध्यातून बाहेर जाऊन ओकले होते. त्या महिन्यात नोकरी गेली होती. दुपारी घरात बसवत नव्हतं, म्हणून हा क्लास लावला.’

‘मला सांगितलंस, योगा सुरू केलाय, मस्त वाटतं.’

‘हो.’

एका घरातल्या दोन वह्या, दोन्हींत उत्तर तेच, आणि मेणबत्ती कोणीच पेटवलेली नाही. शाळेत असते तर दोघींना बाहेर उभं केलं असतं. पण बाहेर उणे सात होतं. मी डब्यातलं लिंबाचं पाणी झाकणात ओतलं, आधी तिला दिलं, मग मी घेतलं.

मार्चमध्ये मी नागपूरला परतले. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी, नवतपा सुरू झाला त्या दिवशी, तिचा फोन आला.

‘कशी आहेस?’

‘उत्तर सांगू की रीडिंग?’

‘रीडिंग.’

‘बाहेर ४५, खोलीत ३६. कूलरची मोटर सकाळपासून आवाज करून राहिली आहे. उजवा गुडघा दुखतो, जिना दोनदाच उतरले. दुपारी झोप लागली नाही, तुझ्या बाबांची आठवण आली. आता तुझं सांग.’

तिने सांगितलं. फोन पाऊण तास चालला. ती निरीक्षणे या प्रयोगाच्या कक्षेत येत नाहीत.